हिरवळीचा उतार वाचणारी माणसे



गोट्या न खेळलेला माणूस आपल्याकडे विरळाच सापडेल. अंगणात टाचेने गल पाडायची, भोवतालची माती तळहाताने सारखी करायची आणि मग डाव मांडायचा. त्या घोळक्यात एखादा पोर असा असायचा की, आपली पाळी येण्याआधी तो उकिडवा बसून जमीन न्याहाळायचा. माती कुठे दबली आहे, खडा कुठे आडवा येतो, गोटी कुठून सोडली म्हणजे ती आपसूक गलीकडे ओढली जाईल, हे सारे तो मनाशी ठरवायचा. बाकीची पोरे ओरडायची, "अरे, खेळ ना लवकर!" पण पुष्कळदा डाव तोच मारून न्यायचा.

आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, तो गोट्यांसारखा फुकटातला नाही. तो आहे गोल्फ. त्याला शंभर-दीडशे एकर जमीन लागते, पैसा लागतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो खेळलेला नसेल. तरीपण त्याच्या इतिहासातला एक धागा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तो धागा म्हणजे खेळण्याआधी जमीन वाचण्याचा. ही विद्या कोणी मिळवली, ती कागदावर कशी उतरली, आणि शेवटी नियम करणाऱ्यांना तिच्यावर बंधन का घालावे लागले, ही हकिगत ऐकण्यासारखी आहे.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. मैदानात अठरा खळगे असतात. ठरलेल्या जागेवरून लिंबाएवढा चेंडू काठीने टोलवायचा आणि कमीत कमी टोल्यांत एकेका खळग्यात घालायचा. खळग्याभोवती अगदी बारीक कापलेल्या गवताचा एक पट्टा असतो. त्याला 'ग्रीन' म्हणतात. आपण हिरवळ म्हणू. खळग्याचे तोंड सव्वाचार इंच रुंद. हे माप १८९१ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबाने पक्के केले, ते आजतागायत जगभर चालते. हिरवळीवर चेंडू उडवायचा नसतो, हलकेच लोटायचा असतो. या लोटण्याला 'पट' म्हणतात. मैदानाचा हिशोब साधारण बहात्तर टोल्यांचा धरला, तर त्यातले छत्तीस, म्हणजे दर खळग्यामागे दोन, हे पट असतात असे गृहीत धरलेले असते. म्हणजे अर्धा खेळ या हिरवळीवरच होतो. अडीचशे यार्ड चेंडू भिरकावणारा पहिलवान गडी तीन फुटांच्या पटाला चुकतो आणि स्पर्धा घालवून बसतो, असे नेहमी घडते.

तो चुकतो कशाने? जमिनीने. दुरून पाटासारखी सपाट दिसणारी ही हिरवळ खरोखर सपाट नसते. पावसाचे पाणी साचू नये म्हणून तिला उतार द्यावाच लागतो. शंभर फुटांत दोन फूट, एवढा उतार डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही. पण चेंडूला तो जाणवतो. शिवाय चेंडू वेगात असतो तोवर उताराला फारसा जुमानत नाही. खळग्याजवळ येऊन त्याचा जोर ओसरला की उतार त्याला बाजूला ओढतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन फुटांतली जमीन सर्वांत महत्त्वाची. त्यातून गवताचाही कल असतो. गवत ज्या बाजूला झुकले असेल त्या बाजूने पाहिले तर ते चकाकते, उलट बाजूने पाहिले तर काळसर दिसते. गवताच्या कलाबरोबर चेंडू धावतो, कलाविरुद्ध अडखळतो. उसाला किंवा भाजीच्या वाफ्यांना पाणी देणाऱ्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. पाणी कुठल्या सरीला पळेल आणि कुठे तुंबेल, हे तो रात्रीच्या अंधारात पायाने ओळखतो.

सुरुवातीच्या काळी हे ज्ञान लिहून ठेवण्याची रीतच नव्हती. गोल्फ हा स्कॉटलंडचा जुना खेळ. लोक धनुर्विद्या सोडून याच्या नादी लागतात म्हणून १४५७ साली तिथल्या पार्लमेंटने त्याला बंदी केली होती. सेंट अँड्र्यूजच्या मैदानात पूर्वी एका फेरीत बावीस खळगे खेळत. १७६४ साली ते अठरा झाले, आणि पुढे तोच आकडा सगळीकडे रूढ झाला. खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी वाहायला एक माणूस असे. त्याला म्हणतात 'कॅडी'. हा कॅडी बहुधा गरिबाघरचा. लहानपणापासून तेच मैदान पायाखाली घातलेले. कुठली हिरवळ सकाळी ओली असते, कुठल्या कोपऱ्यात चेंडू डावीकडे वळल्यासारखा वाटतो पण वळतो उजवीकडे, हे सगळे त्याच्या डोक्यात असे. पेला उचलायचा मालकाने आणि वाट दाखवायची कॅडीने, असा हा व्यवहार.

आता आपण अमेरिकेत जाऊ. पेनसिल्वेनिया राज्यात पिट्सबर्ग शहराजवळ ओकमाँट नावाचे एक मैदान आहे. पोलादाच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या हेन्री फाउन्स यांनी ते १९०३ साली उभारायला घेतले. मैदान इतके कठीण असावे की चुकीच्या टोल्याला दया मिळू नये, असे त्यांचे धोरण. तिथल्या हिरवळी काचेसारख्या गुळगुळीत, आणि त्यांतल्या काही तर खेळाडूकडून पलीकडे उतरत जाणाऱ्या. म्हणजे चेंडू हिरवळीवर टेकला तरी तो थांबेल याची खात्री नाही.

१९३५ साली अमेरिकेची खुली स्पर्धा या ओकमाँटवर भरली. त्या वेळचे नामवंत एकूण एक आले होते. वॉल्टर हेगन होता, जीन सॅराझेन होता. पण जिंकला कोण? सॅम पार्क्स नावाचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण. त्याचे नाव बाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पिट्सबर्गच्याच एका क्लबात तो खेळ शिकवायचे काम करी. टोले मारण्यात तो सर्वांहून सरस होता असे नव्हे. मात्र स्पर्धेआधी जवळजवळ महिनाभर तो आपल्या कामाच्या आधी ओकमाँटवर जाऊन सराव करीत असे. एकेक हिरवळ त्याने चारी बाजूंनी पाहिली, चेंडू लोटून पाहिले. स्पर्धेत चार फेऱ्यांना त्याला ७७, ७३, ७३ आणि ७६ असे मिळून २९९ टोले लागले. तीनशेच्या आत येणारा तो एकटाच. दुसऱ्या क्रमांकाच्या जिमी टॉमसनला ३०१ लागले, हेगनला ३०२. एवढी मोठी स्पर्धा पार्क्सने पुढे पुन्हा जिंकली नाही. पण ज्या जमिनीचा त्याने अभ्यास केला होता, त्या जमिनीवर तो त्या चार फेऱ्यांत सर्वांना भारी ठरला.

याच स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडली. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिम्पसन नावाचे एक हौशी खेळाडू उभे होते. त्याच वर्षी ते मॅसॅच्युसेट्स राज्याचे हौशी विजेते ठरले होते. सॅराझेनसारख्या कसलेल्या खेळाडूने हिरवळीवर हलकेच लोटलेला चेंडू थांबेचना. घरंगळत बाहेर वाळूच्या खड्ड्यात गेला. स्टिम्पसनच्या मनात आले, ही हिरवळ वाजवीपेक्षा जास्त निसरडी आहे. पण हे सिद्ध कसे करायचे? "फार जलद आहे" असे एक म्हणणार, "नाही बुवा" असे दुसरा म्हणणार. मोजमापाशिवाय भांडण मिटत नाही.

त्यांनी घरी येऊन लाकडाची एक खाचेची पट्टी बनवली. ती किती साधी आहे पाहा. आजची पट्टी ॲल्युमिनियमची, तीन फूट लांब. वरच्या टोकाजवळ एक खोबण असते, तिच्यात चेंडू ठेवायचा. पट्टीचे ते टोक हळूहळू वर उचलायचे. साधारण वीस अंशांचा कोन झाला की चेंडू आपोआप सुटतो आणि खाचेतून घरंगळत हिरवळीवर जातो. म्हणजे दर वेळी चेंडूला सारखाच वेग मिळतो; हाताचा जोर मध्ये येतच नाही. चेंडू किती फूट गेला ते मोजायचे. तीन चेंडू एका दिशेने सोडायचे, तीन उलट दिशेने, आणि सरासरी काढायची. चेंडू दहा फूट गेला तर त्या हिरवळीचा वेग दहा. शिक्षक मंडळींनी ध्यानात घ्यावे, प्रयोगातली एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हा शास्त्राचा नियम यात किती सोप्या रीतीने पाळला आहे. तरी या पट्टीकडे चाळीस वर्षे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९७६ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ती सुधारून हाती घेतली आणि १९७८ पासून मैदाने राखणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. तिचे नाव 'स्टिम्पमीटर'. उतार आणि वेग या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात; कारण उतार तोच असला तरी हिरवळ जितकी जलद, तितका चेंडू जास्त वळतो.

म्हणजे १९३५ च्या त्या एका स्पर्धेतून दोन वाटा निघाल्या. एक पार्क्सची, पायांनी आणि डोळ्यांनी जमीन ओळखण्याची. दुसरी स्टिम्पसनची, जमीन मोजून आकड्यात पकडण्याची. पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांचाच आहे.

मोजण्याची वाट पुढे कशी वाढली पाहा. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेतले काही हौशी खेळाडू मैदानातली अंतरे पावलांनी मोजून वहीत टिपून ठेवू लागले. जीन अँड्र्यूज हे त्यांतले आद्य मानले जातात. त्यांची ही रीत डीन बीमन यांनी उचलली. १९६१ साली कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा होती. तेव्हा बीमन यांनी आपल्या तरुण मित्राला सल्ला दिला, "नुसत्या नजरेवर विसंबू नकोस, अंतरे मोजून ठेव." तो तरुण म्हणजे जॅक निकलस. त्याने ते ऐकले, स्पर्धा जिंकली, आणि पुढे जन्मभर ती सवय सोडली नाही. अंतरे वहीत आल्यावर हिरवळी किती दिवस बाहेर राहणार? हळूहळू वहीत हिरवळीची आकृती आली, आकृतीत बाण आले, बाणांजवळ उंचवटे आणि खोलगट जागा आल्या. १९७० नंतर मोजमापाचे चाक घेऊन मैदाने मोजणारे आणि अशा पुस्तिका छापून खेळाडूंना विकणारे लोकही निघाले.

पण पहिली वाट बुजली असे समजू नका. १९६४ साली ब्रिटनची खुली स्पर्धा सेंट अँड्र्यूजला होती. टोनी लेमा नावाचा अमेरिकन खेळाडू तिथे प्रथमच गेला होता. सरावाला त्याला पुरता वेळसुद्धा मिळाला नव्हता. त्याची पिशवी घेतली टिप अँडरसन या तिथल्या मुरलेल्या कॅडीने. एरवी अँडरसन अर्नोल्ड पामरची पिशवी घेत असे, पण त्या वर्षी पामर आला नव्हता. अँडरसन सांगेल त्या जागेवर लेमाने चेंडू मारायचा, एवढेच ठरले. लेमा पाच टोल्यांनी जिंकला. दुसरा कोण आला? अंतरे मोजून खेळणारा निकलस!

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी दर वर्षी 'मास्टर्स' नावाची मोठी स्पर्धा होते. १९८२ पर्यंत तिथला नियम असा होता की, खेळाडूने क्लबाचाच कॅडी घ्यायचा. हे कॅडी म्हणजे त्या गावचे काळे लोक. त्या क्लबात त्यांना खेळाडू म्हणून प्रवेश नव्हता. पण तिथल्या अवघड हिरवळींचे त्यांच्याइतके ज्ञान दुसऱ्या कोणाला नव्हते. त्यांपैकी कार्ल जॅक्सन हे १९६१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, प्रथम त्या स्पर्धेत पिशवी घेऊन उभे राहिले. पुढे १९७६ पासून ते बेन क्रेनशॉ या खेळाडूबरोबर राहिले आणि १९८४ व १९९५ साली क्रेनशॉ तिथे जिंकले, तेव्हा हिरवळीचा उतार वाचायला जॅक्सन जवळ होते. १९८३ पासून खेळाडूंना आपापले कॅडी आणण्याची मोकळीक मिळाली आणि ऑगस्टाच्या पुष्कळ जुन्या कॅडींचे ते काम गेले. करंडकावर नाव जिंकणाऱ्याचे कोरले जाते. ज्याने बोट दाखवून "इथून वळेल" म्हटले, त्याचे नाव तिथे नसते. पैमाशीच्या साहेबाचे नाव नकाशावर येते आणि साखळी ओढणारा विसरला जातो, त्यातलाच हा प्रकार.

आता प्रत्यक्ष तयारी कशी करतात ते सांगतो. स्पर्धा चार दिवसांची, आणि खळगा दर दिवशी हिरवळीवर नव्या जागी पाडतात. त्यामुळे एक जागा घोकून भागत नाही. सबंध हिरवळ ओळखावी लागते. खेळाडू आणि कॅडी दोन-तीन दिवस आधी येतात. खळगा पाडण्यासाठी त्यातल्या त्यात सपाट जागा लागते, म्हणून उद्या-परवा तो कुठे असू शकेल याचा अंदाज बांधता येतो. अशा एकेका जागी खूण ठेवून चारी बाजूंनी चेंडू लोटतात. कुठून लोटला तर अजिबात वळत नाही, ती रेघ शोधतात. ती रेघ म्हणजे उताराची सरळ दिशा. तिच्या डावी-उजवीकडून येणारे चेंडू कुठे वळतील हे मग आपोआप कळते. पाणी ओतले तर ते हिरवळीवरून कुठे वाहून जाईल, असा प्रश्न ते स्वतःला विचारतात. खाली वाकून पाहतात, आणि दोन्ही पायांवर भार देऊन कुठला पाय खाली आहे हेही अजमावतात. मग वहीत बाण काढतात. स्पर्धा सुरू झाली की मात्र हिरवळीवर चेंडू घरंगळवून किंवा गवत घासून तिची परीक्षा घ्यायला नियमाने मनाई आहे. अभ्यास आधी करायचा. परीक्षेच्या वेळी आठवण आणि वही, एवढेच जवळ.

आणि या वहीवरूनच पुढे वाद पेटला. गेल्या काही वर्षांत लेझर किरणांनी हिरवळीचा कणन्‌कण मोजता येऊ लागला. त्यावरून छापलेल्या पुस्तिकांत बोटभर जागेतही उताराचा बाण आणि टक्केवारी दिसू लागली. खेळाडू हिरवळीकडे पाहण्याऐवजी पुस्तकात डोके घालून उभे राहू लागले. खेळ लांबू लागला, हे एक झाले. पण खरा प्रश्न निराळा होता. उतार ओळखणे हा जर खेळाच्या कसबाचाच भाग, तर ते कसब विकत मिळावे काय? ऑगस्टाच्या मास्टर्सने अशी पुस्तके आपल्या स्पर्धेत येऊच दिली नाहीत. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या नियम करणाऱ्या संस्थांनी २०१९ पासून मर्यादा घातली. नकाशा १ : ४८० या प्रमाणापेक्षा मोठा नसावा, म्हणजे पाच यार्ड जमिनीला कागदावर तीन अष्टमांश इंचाहून जास्त जागा नाही. एवढ्या बारक्या नकाशात बारीक उतार दाखवताच येत नाही. तेवढ्याने भागेना, तेव्हा २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांसाठी आणखी कडक नियम निघाला. मोठ्या स्पर्धांत आता संयोजकांनी मंजूर केलेलीच पुस्तिका चालते आणि तिच्यात हिरवळीचे ढोबळ चित्र असते. खेळाडूला किंवा कॅडीला हाताने टिपणे करायची मुभा आहे. पण ती स्वतःच्या नजरेने पाहून, पायाला जाणवून, चेंडू घरंगळताना बघून केलेली असली पाहिजेत. यंत्राने मोजलेले आकडे तीत उतरवून घेता येत नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींना यात आपल्या वर्गातला प्रश्न दिसेल. मुलाने स्वतः वाचून काढलेले टिपण आणि बाजारातून आणलेले गाईड, या दोहोंत उत्तरे कदाचित सारखीच असतील. पण टिपण काढताना जे शिक्षण होते, ते गाईडमध्ये कुठून येणार? मोजणीला कोणाचा विरोध नाही. स्टिम्पसनची पट्टी मैदान राखणाऱ्याच्या हाती असावीच. खेळणाऱ्याने मात्र आपले डोळे गहाण टाकू नयेत, एवढाच त्या नियमाचा आशय.

आपल्या देशाचा या खेळाशी संबंध जुना आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, आणि मुंबईत १८४२ साली इंग्रजांनी असा क्लब काढला होता. जिथे पाण्याअभावी गवत टिकेना, तिथे तेल मिसळलेली वाळू चोपून खळग्याभोवतीची जागा तयार करीत. तिला हिरवळ कशी म्हणणार, म्हणून तिचे नाव 'ब्राऊन' पडले! २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरच्या अदिती अशोक हिचे पदक एका टोल्याने हुकले. ती चौथी आली. शेवटच्या हिरवळीवरचा तिचा पट खळग्यात गेला नाही. त्या दिवशी तिची पिशवी तिच्या आईने घेतली होती.

शेवटी एक सुचवतो. गोल्फचे मैदान नसले तरी शाळेचे पटांगण सर्वांना आहे. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी मागून आणा. तिच्या दोन टोकांतले पाणी नेहमी एका पातळीत राहते. तिच्या साह्याने पटांगणात सारख्या उंचीच्या जागा शोधा, खुंट्या ठोका, आणि त्या चुन्याच्या रेघेने जोडा. झाली तुमची समपातळी रेषा! शेतात समपातळीचे बांध घालतात ते याच रेषेवर. पण एक करा. नळी लावण्याआधी मुलांना पटांगणाभोवती एक फेरी मारायला लावा, आणि पाणी कुठे वाहील ते प्रत्येकाला आपापल्या वहीत लिहायला सांगा. मग मोजा आणि ताडून पाहा. कोणाचा अंदाज बरोबर आला ते बघा. बहुधा तो गोट्यांच्या वेळी उकिडवा बसणाराच पोर असेल.